डाव्या बाजूचा डबा

शुक्रवारी सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन तो लिफ्टमध्ये शिरला, तेव्हा आत आधीच सहाजण होते. दार बंद झालं आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "कुणीतरी काहीतरी तुडवून आणलंय." निवृत्त माणसाला जाहीर करण्यासारखं फारसं काही उरत नाही, त्यामुळे मास्तरांनी ते दोनदा जाहीर केलं आणि रुमाल नाकाला लावून ते छताकडे बघत राहिले. मग सगळ्यांनी एकमेकांच्या पायांकडे बघितलं. त्यानेही बघितलं. पाचव्या मजल्यावरच्या बाईंच्या चपलांकडे तर त्याने जरा जास्तच बारकाईने बघितलं, कारण त्यांच्याकडे कुत्रा होता. "लोकांना काही वाटेनासंच झालंय," तो म्हणाला. यावर कुणी होकार दिला नाही. मजल्यामजल्याला माणसं उतरत गेली, उतरताना त्याच्याकडे एकेकदा बघत गेली, आणि आठव्या मजल्यावर तो एकटाच बाहेर पडला तेव्हा लिफ्टच्या जमिनीवर एकाच बुटाचे चार-पाच स्वच्छ ठसे होते. स्वच्छ म्हणजे ओळखू येण्याइतके.

"थांबा. तिथेच थांबा," बायको दारातून म्हणाली. "पाय आत टाकू नका."

"काय झालं?"

"अहो, काय झालं म्हणून काय विचारता? वास येत नाही तुम्हाला?"

"सर्दी आहे जरा."

"आठ महिने?"

तिने दोन बोटांनी त्याच्या पायातला बूट काढून घेतला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाल्कनीत नेला. तो एका पायावर, दुधाच्या पिशव्या सांभाळत उभा राहिला. आतून नळाचा आवाज आणि त्याच्यावरून तिचा आवाज येत होता. चढा नव्हता, कामात असताना बोलावं तसा होता. "गेल्या महिन्यात भांडं करपलं. सगळा जिना खोकत होता. तुम्ही आत येऊन म्हणालात, काय सुरेख वास सुटलाय. भांडं घासून घासून माझी बोटं गेली. मला वाटलं, सांगाल. मग वाटलं, नसेल सांगायचं. असतं एखाद्याचं." नळ बंद झाला. "दुसरे बूट घाला. हा वाळायला वेळ लागेल."

पकडलं गेल्याची शरम वाटायला हवी होती, आणि ती यायला निघालीही होती. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन पोचलं. मंगळवार. मंगळवारी दुपारी कामावर त्याने डाव्या बाजूचा मेणाचा डबा उघडला होता, सवयीने नाक खाली नेलं होतं, आणि मनाशी म्हटलं होतं, मऊ. त्या वेळी त्याला वास आलाच नव्हता. आठवला होता. आठ महिने तो सगळे वास आठवूनच घेत होता, आणि हे इतकं बिनबोभाट चाललं होतं की त्याचं त्यालाही पटलं होतं.

त्याला कामावर सगळे मेणकाका म्हणत. सासरी मात्र त्याच्या धंद्याबद्दल सव्वीस वर्षं गैरसमज होता, कारण लग्नात कुणीतरी सांगितलं की जावई वेफर बनवण्याच्या ठिकाणी आहे, आणि मेव्हणा अजूनही खारे आणा म्हणून निरोप धाडतो. त्याची वेफर म्हणजे बशीएवढी, आरशासारखी एक चकती. तिच्या तोंडावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारं नक्षीकाम असतं आणि त्या नक्षीकामात कुणाच्यातरी आयुष्याची दोन-तीन वर्षं असतात. या चकतीला पाठीकडून घासून घासून केसाहून पातळ करायचं असतं. इतकी पातळ चकती हातात धरता येत नाही. श्वास सोडला तरी दुमडते, फुटते. म्हणून आधी तिला तोंडाकडून एका जाड काचेवर मेणाने चिकटवायचं, मग घासायचं, आणि काम झालं की मेण तापवून अलगद सरकवून सोडवायचं. चिकटवणं आणि सोडवणं ही त्याची नोकरी. घासणारा दुसरा असतो, नक्षी काढणारे वेगळे असतात, बक्षीस घेणारे त्याहून वेगळे. त्याचं मेण कुठल्याच चकतीत शेवटपर्यंत राहत नाही. नीट काम झालं तर त्याच्या कामाची खूणही उरू नये अशीच पद्धत आहे, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. अशा गोष्टीचा अभिमान बाळगायला माणूस मुळातच थोडा वाकडा असावा लागतो.

बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक माणूस डोकं मागे टाकून झोपला होता. या माणसाला कसला वास येत असेल, साबणाचा की घामाचा की कालच्या दारूचा, असा विचार करता करता त्याने त्याला तिन्ही वास लावून बघितले, तिन्ही शोभले. मग त्याला आपले वडील आठवले. ते पुस्तकं बांधायचे. खळ शिजवून पातेलं खिडकीत ठेवायचे आणि सकाळी त्यावर वाकून म्हणायचे, "आज नाही, उद्या." सात वर्षांचा असताना त्यानेही वाकून बघितलं होतं आणि त्याला कळलं होतं की खळीला किंचित आंबूस कड आली आहे, आणि ती आणखी एक रात्र येऊ द्यायची आहे. वडिलांनी त्याच्याकडे असं बघितलं होतं, जसं त्यांनी परीक्षेच्या निकालाकडे कधीच बघितलं नाही. पुढे नाक हेच त्याचं शिक्षण झालं. मऊ मेणाला ओल्या लाकडासारखा वास असतो, कडक मेणाला राळेसारखा, मागे थोडा जळक्या साखरेचा. दोन्ही मेणांच्या कांड्या पिवळट, दोन्ही एकाच कागदात गुंडाळून येतात. त्याच्या टेबलावर दोन डबे, डावीकडे मऊ, उजवीकडे कडक. डब्यांवर लेबल लावा अशी लेखी सूचना दर्जा तपासणाऱ्याने तीनदा काढली. तिसऱ्या वेळी त्याने उत्तर लिहिलं होतं, "लेबल माझ्या तोंडावर मधोमध बसवलेले आहे." ते उत्तर बरेच दिवस चहाच्या खोलीत चिकटवलेलं होतं. वार्षिक मेळाव्यात त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून नाकाखाली दहा बाटल्या धरायचे आणि तो दहाही ओळखायचा. टाळ्या पडायच्या. विभागप्रमुख पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे एक यंत्र असं आहे की त्याला पेन्शन द्यावी लागणार आहे.

मग हिवाळ्यात तो ताप आला. सहा दिवस. उठला तेव्हा चहा नुसताच गरम होता. येईल परत, डॉक्टर म्हणाले, काहींचा येतो. शेवटचा वास कोणता आला होता हे आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला आणि ते काही आठवलं नाही. शेवटचा आहे हे आधी कळलं असतं तर लक्ष दिलं असतं. वसंतात लेकीला मुलगी झाली. लेकीने ते गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, हिच्या टाळूचा वास घ्या. तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त कळेल." त्याने नाक टाळूला टेकवलं. ऊब होती, मऊ होतं, खाली काहीतरी धडधडत होतं. बाकी तिथे काहीच नव्हतं. भिंतीला नाक लावावं तसं. "अगदी तुझ्यासारखा," तो म्हणाला, आणि लेक इतकी सुखावली की पुढचे दोन दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, आणि लोकांना त्याचा इतका आनंद होतो, हे त्याला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

कामाच्या जागी साडेआठला कुणी नसतं. पांढरे डगले खुंट्यांवर टांगलेले असतात, हवा गाळणाऱ्या पंख्यांची घरघर असते, बस. मंगळवारची चकती काचेसकट कपाटात होती. बुधवारी ती घासून झाली होती, आणि काल तिच्या पाठीवर एक थर चढला होता. हा थरच सगळ्या भानगडीचं मूळ होता. संशोधक बाई डोळ्याच्या पडद्यामागे बसवायची चकती करत होत्या आणि हा थर म्हणजे तिची शरीराला बोचू नये म्हणून घातलेली बंडी होती. नव्वद अंशांच्या वर तो करपायचा. म्हणून बाईंच्या चकत्यांना मऊ मेण: ऐंशी अंशांवर ते लोण्यासारखं होतं आणि चकती सरकून मोकळी होते. कडक मेणाला एकशेतीस लागतात. बाकी सगळ्यांच्या चकत्या कडक मेणावरच चालायच्या आणि एकशेतीसवरच सुटायच्या. मऊ मेण लागायचं फक्त बाईंना. बाईंना मुळात सहा चकत्या मिळाल्या होत्या. एक शिकण्यात गेली. चार वसंतात घासताना तडकल्या. ही सहावी. सोमवारी ती डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायची होती, आणि आज अकरा वाजता त्याला ती सोडवायची होती.

त्याने डाव्या डब्यातून नखाएवढा तुकडा कापला, हॉटप्लेटवर ठेवला आणि काटा ऐंशीवर लावला. मग हात मांडीवर ठेवून बसला. ऐंशी झाले. तुकडा होता तसा होता. कडा टोकदार, वर चाकूची रेघ. त्याला वाटलं, काटा बिघडला असेल. माणूस आशा कुठून कुठून काढतो. नव्वदला रेघ तशीच. शंभरला त्याने काचकांडीने टोचून बघितलं, तुकडा टणकपणे प्लेटभर घरंगळला. एकशेपंचवीसनंतर तो सावकाश, काही घाई नसल्यासारखा, कडांपासून बसत गेला. त्यावरून वाफेची बारीक रेघ उठली. त्याने नाक त्या रेघेत धरलं, डोळे मिटले, आणि आत कुणीतरी आज्ञाधारकपणे म्हणालं: ओलं लाकूड. मऊ. तो उठला, प्लेट निवू दिली, उजव्या डब्यातला तुकडा ठेवला. तो ऐंशीला वितळला. डबे उलटे होते. आणि ते कुणी उलटे केले नव्हते. तापातून उठून कामावर आला त्याच आठवड्यात दोन्ही डबे रिकामे होते, त्याने नव्या कांड्या कापल्या, एक हुंगली, डावीकडे टाकली, दुसरी हुंगली, उजवीकडे टाकली. तेव्हापासून.

तेव्हापासून, हा शब्द तो पुढे ढकलत होता, पण तो आला. तेव्हापासून म्हणजे त्यात वसंतही आला. वसंतातल्या चार चकत्या आल्या, आणि त्यांच्यामागून घासणारा आला.

घासणारा धिप्पाड होता, आणि चौदा वर्षं चाकाजवळ उभं राहून डाव्या कानाने ठार बहिरा झाला होता. दोघांचा चहा एकत्र असायचा. "तुमचं नाक आणि माझा कान," घासणारा म्हणायचा, "दोन्ही मिळून एक धड माणूस होतो. पगार मात्र आपल्याला दोन मिळतात, कुणाला सांगू नका." कानाची तपासणी झाली तेव्हा त्याने अर्जात सरळ लिहिलं होतं, डावा गेला, उजवा अर्धा, बायको म्हणते दोन्ही गेले. पहिली चकती तडकली तेव्हा तो चेष्टा करत होता. तिसरीला गप्प झाला. चौथीनंतर चौकशी बसली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास. विभागप्रमुख, दर्जा तपासणारा, संशोधक बाई. घासणारा उभाच राहिला होता, कारण त्याला कुणी बस म्हटलेलं ऐकू आलं नव्हतं. "चाक ठीक आहे," तो म्हणाला, मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं. "खालचं मेण आवळतंय. कडक मेण असं आवळतं. ते सावकाश थंड करावं लागतं आणि हे मऊसारखं झटकन थंड केलेलं आहे. तुकडा काढा, प्लेटवर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे." सगळ्यांनी त्याच्याकडे, मेणकाकांकडे, बघितलं. आणि विभागप्रमुख म्हणाले, फार सौम्यपणे म्हणाले, "सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाची अशी परीक्षा घ्यायची म्हणजे अपमानच झाला. त्यांनाच विचारू." डबा त्याच्यापुढे सरकवला गेला. त्याने उघडला, वाकला. त्या वेळी त्याला ठाऊक होतं का? हा प्रश्न तो आज पहिल्यांदाच स्वतःला असा समोर बसवून विचारत होता. वास येत नाही हे ठाऊक होतं. मेण कडक आहे हे ठाऊक नव्हतं. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तो पाच महिने राहिला होता, आणि जागा काही वाईट नव्हती. "मऊ," तो म्हणाला. घासणारा हसला. "नाकाला विचारून माझी नोकरी घेता होय?" असं म्हणून त्याने डगला काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. सगळे अतिशय सभ्यपणे वागले.

पुढे एकदा तो फरशीच्या दुकानासमोरून जात होता. आत पाण्याच्या चिखलात उभा राहून घासणारा फरशा कापत होता. पाठमोरा. आता त्याच्या कानात साधा कापसाचा बोळाही नव्हता. मेणकाका बाहेरूनच वळला, मागच्या गल्लीने गेला, आणि तेव्हापासून त्या रस्त्याला खड्डे फार आहेत असं घरी सांगू लागला.

नऊ वाजले. माणसं यायला लागली. "काय मेणकाका, आज लवकर?" "झोप नाही आली." "वय झालं." "तुझंही होईल, घाई करू नकोस." हे सगळं त्याचं तोंड बोलत होतं. आत दुसरंच चाललं होतं. काचेवरची चकती त्याने दिव्याखाली धरली. धुक्यासारखी निळसर, खाली मेणाचा पातळ पिवळा उजेड. न सांगितलं तर काय होईल? अकरा वाजता ऐंशीवर चकती सरकणार नाही. बाई म्हणतील, अजून थोडं. तो काटा चढवत नेईल. एकशेतीसला चकती सुटेल, छान सुटेल, त्याच्या हातून आजवर एकही फुटलेली नाही. थर करपलेला असेल. मग बाई त्याच्याकडे बघतील आणि तो म्हणेल, "थर नीट बसला नसावा." हे वाक्य त्याच्या मनात पूर्ण, स्वल्पविरामासकट तयार होतं. त्याने ते जुळवलं नव्हतं. ते आधीपासून तिथे होतं. थर चढवणारी पोरगी पलीकडच्या खोलीत बसायची, सहा महिन्यांपूर्वी लागली होती, मेणकाकांना बघून उठून उभी राहायची. तिला बोलावतील. लांब टेबल, पाण्याचे ग्लास. सगळे सभ्यपणे वागतील. पापाची भीती असती तर ती समजण्यासारखी होती. पण त्याला भीती वाटली ती त्या वाक्याच्या तयारीची. आपल्या आत एक कारकून बसलेला आहे, तो आपल्याला न विचारता कागद तयार करून ठेवतो आणि आपण नुसती सही करतो, असं काहीतरी. त्याने चकती कपाटात ठेवली. पुन्हा काढली. नाक पुसलं. नाक जागेवर होतं, आकाराने पूर्वीइतकंच, आणि त्याच्यामागे कुणी राहत नव्हतं.

बाई पावणेअकराला आल्या. चाळिशीच्या, बारीक, गेली तीन वर्षं केस नीट न विंचरलेल्या. "चला काका, माझी पोर सासरी पाठवायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. त्या आज खुशीत होत्या, आणि ते बघवत नव्हतं.

"बसा," तो म्हणाला.

"बसू काय? प्लेट लावा."

"बाई, बसा."

त्या बसल्या. त्याने सांगायला सुरुवात केली आणि भलत्याच ठिकाणाहून केली: लिफ्ट, बूट, मास्तर. बाई हसल्या. मग मंगळवार आला तेव्हा हसायच्या थांबल्या. त्याने दोन्ही तुकडे दाखवले. "कडकवर बसलीय ती. तापवली तर थर जाईल. सॉल्व्हंटमध्ये ठेवायची. ते कडेकडेने आत शिरतं, मेण खात खात. बारा दिवस लागतील. पण सुटेल, आणि धड सुटेल."

"सोमवार," बाई म्हणाल्या.

"सोमवार गेला."

त्यांनी काच उचलून दिव्याखाली धरली. "ठीक आहे," शेवटी म्हणाल्या. "बारा दिवस. मी दवाखान्यात सांगते काहीतरी. बरं झालं बोललात. दुसरा कुणी बोलला नसता." त्यांनी टेबलाच्या खणातून चुका नोंदवायचा छापील कागद काढला. "लिहून टाका. डबे उलटसुलट झाले. होतं."

"उलटसुलट आत्ता नाही झाले," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून आहेत. मला वासच येत नाही."

बाईंनी मनात महिने मोजले, ते त्याला त्यांच्या ओठांवर दिसलं. मोजून झाले तेव्हा त्यांचा चेहरा वयाने वाढला. "त्या चार," त्या म्हणाल्या.

"त्या चार."

"तुम्ही तर हुंगून सांगितलंत."

"सांगितलं."

"त्या अहवालावर माझी सही आहे, काका." त्या उठून दाराकडे गेल्या, दार लोटून परत आल्या, आणि आवाज खाली आणून बोलू लागल्या, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तशा. "ऐका. आज जे झालं ते लिहा. खाली एक रकाना आहे, यापूर्वी असे घडले होते काय. तो कुणीच भरत नाही. सोडून द्या. तुमचे चौदा महिने राहिलेत. सन्मानाने जा. तो माणूस काही उपाशी नाही, त्याला काम मिळालंय, मी ऐकलंय."

"मिळालंय. मी बघितलंय."

"मग? ते त्याला परत घेतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"चौकशी उघडली तर माझं काम किती महिने बंद पडेल, ठाऊक आहे?"

"अंदाज आहे."

"मग कशासाठी?"

बाईंचं सगळं म्हणणं खरं होतं, आणि ते ज्या हळुवारपणे सांगितलं जात होतं तो हळुवारपणा त्याच्या ओळखीचा होता; त्या दिवशी पाण्याच्या ग्लासांवरून तो असाच टेबलभर फिरला होता, आणि त्याच्यापर्यंत येऊन थांबला होता, आणि उभ्या माणसापर्यंत गेलाच नव्हता. त्याने कागद ओढला. वरचं लिहिलं. खालच्या रकान्यात 'होय' लिहिलं. पुढे छापलं होतं, असल्यास तपशील, आणि एक ओळ मोकळी होती. त्या एका ओळीत घासणारा बसत नव्हता. मग त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, वसंतातल्या तारखांपासून, लिहायला लागला. बाई उभ्या राहून वाचत होत्या. अर्ध्यावर त्यांनी वाचायचं सोडलं आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. अशा गोष्टींना संस्थेत कधी वेळ लागत नाही. विभागप्रमुखांनी दुपारी दोन वाजता त्याला बोलावलं, बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करून टेबलाची किल्ली मागितली. उद्यापासून चौकशी होईपर्यंत घरी राहा. पुढे बघू. घासणाऱ्याचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, तो वेगळा मुद्दा आहे, आणि कॅलेंडरकडे बघितलं. दर्जा तपासणाऱ्याने तेवढ्यात दोन्ही डब्यांना लेबलं लावली होती, मोठ्या अक्षरांत, जरा जास्तच मोठ्या.

चार वाजता बाई त्याच्या टेबलापाशी आल्या. डोळे धुतलेले दिसत होते. त्या त्याच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि दोघांनी मिळून काच सॉल्व्हंटच्या पसरट भांड्यात उतरवली. चकती वर, काच खाली. त्याने झाकण बसवलं. "बाराव्या दिवशी तुम्ही नसाल," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. राग त्यांनी बहुधा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला होता. "मला सांगा. सगळं सांगा. मी लिहून घेते." त्यांनी वही उघडली.

त्याने खुर्ची ओढली. सव्वीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याने सांगितलंही नसतं. हातात असतं ते, असं म्हणून मोकळा झाला असता. आता तो सांगू लागला. सॉल्व्हंट दर दोन दिवसांनी बदला, ओतू नका, नळीने ओढून घ्या. भांडं हलवू नका. आठव्या दिवशी कडेला पांढरी रेघ दिसेल, घाबरू नका. चकती आपणहून तरंगल्यासारखी झाली की खाली जाळी सरकवा, चिमटा लावायचा नाही. बाई लिहीत होत्या. मग त्याने चिकटवायचं सांगितलं: काच किती पुसायची, मेण मधून कडेकडे कसं जाऊ द्यायचं, वजन केव्हा ठेवायचं. बुडबुडा दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. मऊ किती वेळात थंड करायचं, कडक किती वेळात. मेण ओळखायचं कसं, इथे तो अडखळला. बाईंनी मान वर केली नाही. "तुकडा ऐंशीवर ठेवा," तो म्हणाला. "वितळला तर मऊ."

बाईंनी ते लिहिलं आणि खाली रेघ मारली. "अजून काही?"

त्याने विचार केला. अगदी मनापासून केला; टेबलाकडे बघितलं, हातांकडे बघितलं, कुठल्यातरी कोपऱ्यात काहीतरी राहिलं असेल म्हणून सगळीकडे शोधलं. घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. वहीचं एक पान भरलं होतं आणि दुसऱ्याच्या वरच्या तीन ओळी.

"नाही," तो म्हणाला. "एवढंच."